आयटीआय, डिप्लोमा की टूलरूम? कारखान्याच्या शिक्षणाचा खर्च आणि परतावा कसा मांडायचा

दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला कारखान्याच्या कामाचं शिक्षण द्यायचं ठरलं, म्हणजे लेथ, सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी मशीन), वेल्डिंग, डाय-मोल्ड (साचे), मशीन मेंटेनन्स यातलं काही, की घरात पहिला प्रश्न निघतो तो फीचा. दुसरा प्रश्न ‘प्लेसमेंट आहे का?’ हा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर बहुतेक घरांत निर्णय होतो, आणि नेमके हेच दोन प्रश्न निर्णयाला पुरत नाहीत. तीन वर्षांनी मुलाच्या हातात काय पडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: शिकताना त्याचा हात मशीनवर किती तास पडला, आणि शेवटी त्याला खरी शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) मिळाली की नुसतं ट्रेनीचं ओळखपत्र. मी भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये काम करतो. दरवर्षी नवी मुलं घेताना मुलाखतीला बसतो, त्यामुळे हा फरक समोर दिसत असतो. कागद-पेन घेऊन हा हिशेब घरी कसा मांडायचा, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी वाटा समजून घ्या

पहिली वाट आयटीआयची. देशात शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तालुक्याला एक तरी सापडते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. शेवटी राष्ट्रीय पातळीची परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा मेकॅनिकल किंवा तत्सम डिप्लोमा, दहावीनंतर तीन वर्षं. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांतून.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत असते: टूलरूम, म्हणजे साचे आणि डाय बनवणारी कार्यशाळा. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतली इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखालची संस्था. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कारखान्यात जातं. संस्था स्वतः बाहेरच्या उद्योगांची टूलिंगची कामं करते, त्यामुळे मुलं खऱ्या ऑर्डरच्या वातावरणात शिकतात.

आता एक गोष्ट कागदावर ठळक लिहा. आयटीआयची दोन वर्षं आणि त्यानंतरची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी धरली, तर वेळ डिप्लोमाइतकाच लागतो, तीन वर्षं. ‘आयटीआय लवकर आटपतं’ हा समज अर्धाच खरा आहे. फरक इतकाच की तिसऱ्या वर्षी आयटीआयवाल्याला विद्यावेतन मिळत असतं आणि डिप्लोमावाला फी भरत असतो.

खर्चाचा कागद

फी हा खर्चाचा एक भाग. त्याखाली या ओळी लिहा: परीक्षा फी, अनामत, गणवेश आणि सेफ्टी शूज, हत्यारं आणि वर्नियर, ड्रॉइंगचं साहित्य, जर्नल, एसटीचा पास (विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे), खोली, मेस, मोबाईल आणि सणासुदीला घरी येण्या-जाण्याचं भाडं.

एक उदाहरण मांडतो. यातले आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे, तुमच्या संस्थेचे घाला.

घरून ये-जा करून शासकीय आयटीआय: दोन वर्षांची फी, हत्यारं, परीक्षा मिळून १५,०००. प्रवास आणि वरखर्च महिना १,५०० प्रमाणे २२ महिन्यांचे ३३,०००. दोन वर्षांत ४८,०००. तिसऱ्या वर्षी चाकणला किंवा वाळूजला शिकाऊ उमेदवार म्हणून गेला, विद्यावेतन ७,००० धरलं आणि खोली-मेस-प्रवास ८,००० धरला, तर वर्षाला १२,००० घरून लागतील. तीन वर्षांचा एकूण खर्च ६०,०००.

दुसऱ्या गावी राहून शासकीय पॉलिटेक्निक: फी वर्षाला १०,००० म्हणजे ३०,०००, पुस्तकं आणि साहित्य १५,०००, खोली-मेस महिना ४,५०० प्रमाणे वर्षाचे दहा महिने, तीन वर्षांचे १,३५,०००. एकूण १,८०,०००.

तेच खासगी पॉलिटेक्निकमध्ये, फी वर्षाला ६०,००० धरली तर एकूण ३,३०,०००.

बघा, शासकीय डिप्लोमात फी खर्चाच्या सहाव्या हिश्शाइतकीच आहे. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. म्हणून घराजवळच्या बऱ्या संस्थेची तुलना लांबच्या नामांकित संस्थेशी करताना फीचे कागद बाजूला ठेवा आणि मेसचं बिल बघा.

फी कमी होते, पण कागद वेळेवर असतील तरच

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळू शकते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्काचा अर्धा भार कमी होतो. मागास प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी ती आवर्जून बघावी.

यात अडचण एकाच ठिकाणी येते. संस्थास्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की या शुल्क सवलती साधारणपणे हातातून जातात. ‘आत्ताच या, जागा पक्की करून देतो’ असं कोणी म्हटलं तर आधी विचारा: ही जागा कॅपमधून आहे का? त्या एका उत्तरावर हजारो रुपये अवलंबून असतात.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं निकालाच्या आधी, मे महिन्यातच हाताशी ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावर किती गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. जात वैधतेला तर महिने लागतात.

वर्कशॉप बघून या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माहितीपत्रक, प्रवेशद्वारावरचा फलक, संगणक कक्ष बघून काहीच कळत नाही. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला मुलाला घेऊन जा आणि वर्कशॉप दाखवा म्हणा. जी संस्था वर्कशॉप दाखवायला टाळाटाळ करते ती यादीतून काढा.

आत गेल्यावर लेथकडे बघा. बेडवर आणि ट्रेमध्ये ताजा बुरा आहे का? चकचकीत, कोरडं, रंगवलेलं लेथ म्हणजे देखभाल चांगली असं नाही. बहुधा ते चालतच नाही. सीएनसी मशीनचं दार उघडायला सांगा. कूलंटचा वास येतो का, टरेटमध्ये (टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीत) टूल बसवलेली आहेत का, इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांच्या) कडा वापरलेल्या दिसतात का? मशीनवर प्लास्टिकचं आवरण असेल आणि हवेची पाइपलाइन जोडलेलीच नसेल, तर मुलं त्यावर फक्त फोटो काढतात.

फिटरच्या बेंचवर जा. पहिल्या वर्षाच्या मुलाचा जॉब हातात घ्या. कानस मारून केलेला चौकोनी ठोकळा असेल. त्याला ट्राय स्क्वेअर लावायला सांगा आणि उजेडाकडे धरायला सांगा. पात्याखालून उजेड एकसारखा निसटतोय की एका कोपऱ्यातूनच दिसतोय, हे मुलाने स्वतःहून सांगितलं, तर तिथे शिकवणारा माणूस आहे.

मग एक सोपं गणित करा. आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास आहेत, त्यातले सुमारे ८४० प्रात्यक्षिकाचे. वीस मुलांची तुकडी, चालू सीएनसी एकच, आणि त्यावर वर्षात १०० तास काम झालं असं धरलं, तर एका मुलाच्या वाट्याला पाच तास येतात. पाच तासांत ऑफसेट घालणं, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला देणंसुद्धा हातात बसत नाही. म्हणून विचारा: चालू मशीन किती, तुकडी किती मुलांची, निदेशक कायम आहे की तासिका तत्त्वावर, गेल्या वर्षी कच्च्या मालाचा बार आणि इन्सर्ट यांची खरेदी झाली का? शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण माल नसेल तर प्रात्यक्षिक होत नाही, बाकी वहीत काहीही लिहिलेलं असो.

पॉलिटेक्निकमध्ये हाच प्रश्न थोडा वेगळा विचारायचा. तिथे ड्रॉइंग, मटेरियल, मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र) जास्त शिकवतात आणि हातकाम कमी असतं. ते अपेक्षितच आहे. पण मेट्रॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मायक्रोमीटर, डायल, स्लिप गेज मुलांच्या हातात मिळतात की कपाटात कुलूपबंद असतात, एवढं नक्की बघा.

हे सगळं का म्हणतो? आम्ही मुलाखतीत मार्कशीट नंतर बघतो. आधी एक ड्रॉइंग, एक टर्न केलेली पिन आणि मायक्रोमीटर पुढे ठेवतो. ड्रॉइंगवर २० h7 (लहान एच) लिहिलेलं असतं, म्हणजे माप १९.९७९ ते २०.००० मिलिमीटरच्या आत हवं. ज्याच्या हातून काम गेलेलं असतं तो आधी अँव्हिल आणि स्पिंडल ही मापाची दोन्ही टोकं पुसतो, शून्य जुळतंय का बघतो, मग पिन धरून रॅचेट फिरवतो. ज्याने फक्त पुस्तकात वाचलं तो थिंबल पकडून सी-क्लॅम्पसारखं आवळतो आणि भलतंच माप सांगतो. पिन १९.९६ असेल तर ‘रिजेक्ट, आणि आता काही करता येणार नाही, मटेरियल कमी झालंय’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं, त्याला आयटीआय की डिप्लोमा हे विचारायच्या आधीच निवडलेलं असतं. त्या अर्ध्या मिनिटाची तयारी वर्कशॉपमध्येच होते, दुसरीकडे कुठे नाही.

शिकाऊ उमेदवारी खरी आहे का?

आयटीआयनंतरचं एक वर्ष हा या सगळ्या शिक्षणाचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं: आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिना ७,०००, डिप्लोमाधारकाला ८,०००, पदवीधराला ९,०००. केंद्रीय शिकाऊ परिषदेने २०२५ मध्ये हे आकडे सुमारे ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, म्हणून करार करताना त्या दिवशीचा लागू दर पोर्टलवर बघा. हे किमान आकडे आहेत. बरेच मोठे कारखाने याच्या वर देतात, शिवाय कॅन्टीन आणि बस असते.

खरी उमेदवारी ओळखायची खूण सोपी आहे. सरकारी शिकाऊ पोर्टलवर नोंदलेला करार, त्यावर ट्रेडचं नाव आणि कराराचा क्रमांक. वर्षाच्या शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. हे प्रमाणपत्र सरकारी उपक्रमांच्या भरतीत आणि रेल्वेत कामाला येतं.

याच्या शेजारी दुसरा प्रकार चालतो. ‘ट्रेनी’ म्हणून कंत्राटदारामार्फत घेतात, करार पोर्टलवर नसतो, ट्रेड नसतो, आणि मुलगा अकरा महिने एकाच मशीनवर जॉब लोड-अनलोड करत राहतो. पैसे थोडे जास्त दिसतात म्हणून मुलं तिकडे जातात. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी दोन हजार कमी मिळाले तरी चालतील, नोंदलेली उमेदवारी घ्या. ‘शिका आणि कमवा’ या नावाखाली काही ठिकाणी बारा तास उत्पादन आणि रविवारी एक तास वर्ग असतो. तिथे पदवी कोण देतं, कोणत्या मंजुरीने देतं, हे लेखी मागा.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या म्हणजे नंतर मन दुखत नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत दुसरीकडे अर्ज सुरू करायचे.

ओझरचं एचएएल, मुंबईचं माझगाव डॉक, रेल्वेची वर्कशॉप, आयुध निर्माणी ही शिकाऊ उमेदवारीची जुनी आणि चांगली ठिकाणं. त्यांच्या जाहिराती वर्षात ठरावीक वेळी येतात आणि मुदत थोडी असते. माझगाव डॉक तर आठवी आणि दहावीनंतरही थेट शिकाऊ घेतं. त्यात निवड झाली तर बाकीचा हिशेबच बदलतो.

पगार: सांगतात तो आणि हातात पडतो तो

‘प्लेसमेंट १८,०००’ असं ऐकलं की विचारा, ही सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा आकडा? समजा एकूण पगार १६,०००, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता १२,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०. ईएसआय (कामगार राज्य विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १२०. व्यवसाय कर २००. हातात १४,२४०. कंपनीचा पीएफचा हिस्सा १,४४० आणि ईएसआयचा ३.२५ टक्क्यांप्रमाणे ५२० मिळवला की सीटीसी १७,९६० होते. तोच जाहिरातीतला अठरा हजारांचा पगार. (२५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीच्या हातात दोनशे जास्त पडतील.)

पीएफ-ईएसआय कापलं जातं म्हणून कुरकुर करू नका. ज्या नोकरीत ते कापतच नाहीत तिथे अपघात झाल्यावर काय होतं, ते कोणत्याही एमआयडीसीत विचारून बघा.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना ओटी (ओव्हरटाइम) वेगळा काढा. एखादा मुलगा ‘मला २२,००० मिळतात’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. १६,००० पगाराला २६ दिवस आणि आठ तासांच्या हिशेबाने ताशी ७७ रुपये पडतात. कायद्याप्रमाणे ओटीचा दर दुप्पट. महिन्याला ४० तास ओटी झाला की सहा हजारांवर भर पडते. पण ओटी ऑर्डरवर अवलंबून. गाड्यांची मागणी थंडावली की सगळ्यात आधी ओटी बंद होतो. हप्ता ओटीच्या भरवशावर कधीच ठरवू नये.

तर त्याच संस्थेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सहा मुलांना फोन करा. संस्थेने दिलेले नंबर नकोत. वर्कशॉपमधल्या मुलांकडून घ्या. तीन गोष्टी विचारा: ओटी सोडून हातात किती पडतात, कायम आहेस की कंत्राटी, आणि आज कोणतं मशीन स्वतः सेट करतोस?

परतावा मोजायचा कसा

दोन पर्यायांच्या खर्चातला फरक काढा. त्याला मासिक पगारातल्या फरकाने भागा. जे महिने येतील तेवढ्या काळात महाग पर्याय आपला जास्तीचा खर्च भरून काढतो.

वरच्या उदाहरणात शासकीय डिप्लोमा आयटीआयपेक्षा १,२०,००० नी महाग. डिप्लोमाला सुरुवातीला महिना २,५०० जास्त मिळतात असं धरलं तर ४८ महिने, चार वर्षं. खासगी डिप्लोमा २,७०,००० नी महाग. तिथे १०८ महिने, म्हणजे नऊ वर्षं. पगारातला फरक ५,००० असेल तर हेच आकडे निम्मे होतात.

इथे एक गोष्ट सुटू नये. डिप्लोमा झाल्यावर पहिलं वर्ष बऱ्याचदा ट्रेनी किंवा शिकाऊ म्हणूनच जातं. त्याच वर्षी उमेदवारी संपवलेला आयटीआयचा मुलगा ऑपरेटर म्हणून लागलेला असतो. म्हणजे चौथ्या वर्षी पगारातला फरक शून्य असू शकतो, किंवा उलटाही. भागाकार करताना डिप्लोमाच्या बाजूला ते वर्ष धरा.

टूलरूमच्या चार वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तिथून निघालेला मुलगा ऑपरेटरच्या रांगेत उभा राहत नाही. मोल्ड आणि डाय करणाऱ्यांकडे हात असलेल्या माणसाची चणचण कायम असते. फी आणि एक वर्ष जास्त गेलं तरी मला तो पर्याय पटतो. अट एकच, मुलाला बारकाईचं काम मनापासून आवडलं पाहिजे. मिलिमीटरचा शंभरावा भाग दिवसभर सांभाळणं सगळ्यांना जमत नाही, आणि आवड नसलेल्या मुलाला तिथे ढकलणं त्याच्यावर अन्याय आहे.

पाचव्या वर्षी कोणतं दार उघडं असेल?

सुरुवातीच्या पगारात फार मोठा फरक नसतो. पुढे कोण किती वर जातो तिथे खरा फरक पडतो.

आयटीआयवाल्याची शिडी ऑपरेटर, सेटर, मग लाइन किंवा शिफ्टची जबाबदारी अशी जाते. ऑपरेटर आणि सेटर यांच्यात मोठी दरी आहे. ऑपरेटर बटण दाबतो आणि माप घेतो. सेटर फिक्स्चर लावतो, टूल ऑफसेट घालतो, पहिला जॉब पास करून देतो. फानुक आणि सीमेन्स या सीएनसीच्या दोन कंट्रोलरवर हात बसला आणि ड्रॉइंग वाचता आलं, तर सेटर होण्यात अडचण येत नाही. जो दोन-तीन वर्षांत सेटर झाला नाही, तो पुढे होणं अवघड जातं.

डिप्लोमावाल्याला क्वालिटी, प्लॅनिंग, प्रॉडक्शन इंजिनिअर, डिझाइन अशी दारं आहेत. डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं, त्यासाठी सीईटी लागत नाही. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा लागतो. टेक्निशियन आणि असिस्टंट लोको पायलटच्या जागा आयटीआयला खुल्या आहेत.

एक मधली वाट पालकांना क्वचित कोणी सांगतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे चार वर्षांत हातकाम आणि डिप्लोमा दोन्ही. कोल्हापूरच्या फौंड्रीला किंवा सातपूरच्या मशीन शॉपला असा मुलगा सोन्याच्या मोलाचा वाटतो. पण पहिल्या वर्षाचं गणित राहून गेलेलं असतं आणि मुलं तिथेच केटीत (नापास विषय मागे राहण्यात) अडकतात. आयटीआय चालू असतानाच संध्याकाळी गणिताची शिकवणी लावा. एवढ्या एका खर्चाने ही वाट सुरक्षित होते.

कर्ज काढायचं का?

शासकीय आयटीआय किंवा शासकीय डिप्लोमासाठी शक्यतो कर्जाची गरज पडू नये. खासगी डिप्लोमासाठी २ लाख, १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,२५० येतो. शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. हातात १४,२४०, खोली-मेसला ८,०००, हप्ता ४,२५०. महिन्याला २,००० सुद्धा उरत नाहीत. त्यात घरी काय पाठवणार आणि आजारपण आलं तर काय करणार?

म्हणून माझं मत: शासकीय पॉलिटेक्निकला नंबर लागत नसेल, तर कर्ज काढून सुमार खासगी डिप्लोमा करण्यापेक्षा शासकीय आयटीआयचा चांगला ट्रेड घ्यावा आणि डिप्लोमा नंतर थेट दुसऱ्या वर्षाने करावा. जमीन विकून किंवा सोनं मोडून कोणताही तीन वर्षांचा कोर्स करू नये. खासगी संस्थेची वर्कशॉप खरोखर चालती असेल, घरून ये-जा होत असेल आणि शिष्यवृत्ती बसत असेल, तर मात्र तिला नाही म्हणू नका. अशाही संस्था आहेत.

मुलींच्या पालकांना एक वेगळी विनंती. शुल्कमाफीत बसणारी मुलगी घरून ये-जा करत असेल, तर तिच्या डिप्लोमाचा खर्च जवळजवळ आयटीआयइतका खाली येऊ शकतो, म्हणजे वरचा चार वर्षांचा भागाकार तिच्या बाबतीत बराच लहान होतो. क्वालिटी, मेट्रॉलॉजी, सीएनसी प्रोग्रामिंग, इलेक्ट्रॉनिक्स असेंब्ली इथे मुलींना मागणी आहे. नोकरीचं ठिकाण ठरवताना कंपनीची बस, वसतिगृहाचं अंतर आणि शिफ्ट या तीन गोष्टी पगाराआधी विचारा.

प्रवेश झाल्यावर

पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवायला सांगा: तारीख, मशीन, जॉब, मिळवलेलं माप. जॉबचा फोटो आणि ड्रॉइंग सोबत. मुलाखतीला ही वही आणणारा उमेदवार क्वचितच येतो, आणि आला की आम्ही सगळे खुर्ची पुढे ओढतो.

स्वतःचा वर्नियर घ्या. चांगल्या कंपनीचा, पण साधा. सीएनसीचा बाहेरचा क्लास लावायचा असेल तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, आणि जिथे चालू मशीनवर जॉब काढून देतात तिथेच. नुसत्या संगणकावरच्या सिम्युलेटरला पूर्ण फी देऊ नका.

आयटीआयच्या मुलाने दोन भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेऊन ठेवावी. पुढे पदवीचा किंवा बारावी मागणाऱ्या भरतीचा रस्ता मोकळा राहतो. उमेदवारी चालू असताना शेवटची परीक्षा ‘आता नोकरी लागलीच आहे’ म्हणून सोडणारी मुलं दरवर्षी दिसतात. राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्राविना वर्ष पूर्ण झालं तर अनुभव म्हणून ते सांगता येतं, पण रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांसाठीच्या राखीव जागांवर त्याचा उपयोग होत नाही. परीक्षेची तारीख पोर्टलवर आली की रजेचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि सुपरवायझरची सही घेऊन त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.